नव्वद रात्रींची नजर

उंबरदऱ्यातले दिवे बंद झाले त्या संध्याकाळी पहिली शिवी कमळजा असवलेला पडली. ती घातली गावच्या पोलीस पाटलाने, चिंधू गवारीने, भर चावडीवर आणि तिच्या बापाच्या देखत. "किड्यांनी सुखात राहायचं आन् माणसांनी ठेचा खायच्या! एवढं शिकून ह्येच शिकली व्हय रं तुझी पोर, धावजी?"

धावजी तंबाखू मळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ठेचा खाशील तवा तरी खाली बघून चालशील." चावडी खो खो हसली, आणि त्या हसण्यावर तो दिवस निभावला. कमळजा कोपऱ्यात उभी होती. बापाने आपली बाजू घेतली ह्याचं तिला तेव्हा फार काही वाटलं नाही. बाप आहे, घेणारच, असं वाटलं.

भीमाशंकरच्या रानाला लागून उंबरदऱ्यासकट ज्या सात वाड्या आहेत त्यांचा मिळून 'काळोखपट्टा' केला होता. दिवस मावळल्यावर घराबाहेर एकही दिवा नाही. घरात लावा, पण दाराला जाड पडदा हवा. गाड्यांनी शिवेवर थांबायचं. ही सगळी उठाठेव कमळजाच्या अभ्यासातून निघालेली. ह्या खोऱ्यातली ती पहिली डॉक्टर, पण औषधाची नाही, किड्यांची. पुण्याच्या निशादृष्टी केंद्रात तिने दहा वर्षं काढली होती.

तिचं म्हणणं साधं होतं. रात्री उडणाऱ्या किड्याला वर कुठे आणि खाली कुठे हे कळायला एकच खूण असते. वरची बाजू उजळ. अमावास्येलासुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळच असतं. म्हणून किडा उजेडाकडे पाठ करून उडतो, आणि लाखो वर्षं त्याचं काही अडलं नाही. मग माणसाने बाजूला खांब रोवून त्याच्यावर दिवा लावला. किडा सवयीने त्या दिव्याकडे पाठ करायला जातो, कलंडतो, आणि त्याच्याभोवती गरगरत राहतो. आपल्याला वाटतं तो दिव्यावर भाळला. भाळतोय कसला! बिचारा सरळ उडायची धडपड करत असतो, आणि पहाटे खांबाखाली मरून पडतो. वाड्यांच्या दिव्यांनी रानातले निम्मे किडे असे खाल्ले होते. हिरड्याला फळ धरेना, तेव्हा कुठे लोक ऐकायला तयार झाले.

आता दिवे गेले म्हणजे माणसाने चालायचं कसं? त्याचं उत्तर धावजीच्या घराच्या वाशात होतं.

ओट्यावरच्या त्या वाशाला बोटभर भोक होतं आणि त्यात मोठे काळे भुंगे राहायचे. दिवसा उडणारे नव्हेत, रातचे. कमळजा सात वर्षांची असताना धावजीने तिला मांडीवर घेऊन दाखवलं होतं. मिट्ट काळोख, डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा, आणि वाशातून घुर्रर्र आवाज. "आता बघ. नाय दिसत? मंग ऐक. निघाला. पर लगी जात नाय. आधी घराकडं तोंड करतो, हिकडून तिकडून झोके घेऊन घर नीट बघून घेतो, आन् मगच जातो. म्हणून त्याला परत येता येतं." मग तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "माणूस पाठ करून जातो. म्हणून चुकतो."

तो भुंगा 'तो' नसून 'ती' असते, हे कमळजाला पुढे शिकल्यावर कळलं. आणखीही बरंच कळलं. ह्या भुंगीचे डोळे दिवसा उडणाऱ्या मधमाशीच्याच घडणीचे असतात. अंधारात त्यांच्यावर उजेडाचे इतके थोडे कण पडतात की दिसावी ती नुसती चुरचुर, ठिपक्यांचा गोंधळ. तरी ती अमावास्येला रानातून बरोब्बर आपल्या भोकाशी येते, कारण तिचा मेंदू काटकसरी आहे. डोळ्याच्या शेजारशेजारच्या खणांत पडलेले कण तो एकत्र करतो, आणि जरा दम धरून पुढच्या क्षणाचे कणही त्यात मिळवतो. ठिबकणाऱ्या नळाखाली घागर ठेवावी तसं. घागर भरते, पण वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात जे हललं ते पुसून जातं. म्हणून भुंगी अंधारात हळू उडते. उजेड जितका कमी तितकी हळू.

कमळजाने ह्याच युक्तीचा चष्मा केला. चष्मा झकास चालला, पण त्यातून दिसायला माणसालाही भुंगीसारखं हळू चालावं लागे. पहिल्याच आठवड्यात चिंधूने निकाल दिला. "ह्या चष्म्यानं रातचा परसाकडं निघालेला माणूस पोचायचा सकाळी."

केंद्राचे प्रमुख फणसळकर सर हसले नाहीत. "कमळजा, माणसं म्हणजे भुंगे नव्हेत. सहा महिन्यांत दिल्लीचे पाहुणे येतील. लोक नेहमीच्या चालीने चालताना दिसले पाहिजेत, नाहीतर तुमचा काळोखपट्टा बासनात गुंडाळला गेला असं समजा."

तिने मग आणखी एक गोष्ट केली. चष्म्याला कणांची बेरीज काही क्षणांची न करता रात्रींची करायला लावली. नव्वद रात्रींची. वाटेवरचा दगड, झाड, उंबरा रोज तिथेच असतो, मग तो रोज नव्याने कशाला बघायचा? चष्मा घालणाऱ्याच्या नजरेतून चष्मा त्याच्या वाटा शिकायचा आणि आठवणीतूनच त्याला चित्र द्यायचा. लख्ख, दिवसासारखं. चांदणं असलं तर तो डोळ्यासमोरच्यावर भरवसा ठेवी. अंधार जितका दाट, तितका आठवणीवर जास्त. अमावास्येला तर दहातले नऊ हिस्से आठवण आणि एक हिस्सा डोळा. जे नव्वदातल्या नऊ रात्रीही दिसलेलं नाही, ते चष्मा चुरचुर समजून फेकून देई.

ह्यात धोका आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. म्हणून तिने एक खूण ठेवली होती. आठवण 'आहे' म्हणते पण डोळ्याला पटत नाही, अशा वस्तूभोवती पिवळी रेघ थरथरायची. पण रंगीत तालमीच्या दिवशी ती सगळीकडेच थरथरायला लागली. फणसळकर म्हणाले, "हे काढा. पाहुण्यांना फेफरं येईल." कमळजा म्हणाली, "सर, ही रेघच तर..." ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत घालू." तिने काढली. काढायला चार मिनिटं लागली. पुढची आवृत्ती आलीच नाही. अशा आवृत्त्या कधी येत नसतात, हे सरकारी कामाची सवय असलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

पाहुणे खूश झाले. सात वाड्यांत चष्मे वाटले गेले. लोक काळोखात ढांगा टाकत चालायला लागले, आणि त्यांनी चष्म्याची खोडही आपली आपण हेरली. झाडं, घरं, बांध दिसतात, पण चालतं माणूस दिसतं धुरासारखं आणि उभं राहिलं की दिसेनासं होतं. म्हणून रीत पडली, काळोखात समोरून येणाऱ्याने आधी आवाज द्यायचा. "मी चिंधू हाय गं!" "मी हाय, सरूबाई!" ह्या आवाजांनी रात्र भरून जाई. दोन वर्षांत भुंगे वाढले, पतंग वाढले, हिरड्याच्या फांद्या लवल्या. चिंधूने चावडीवर बोलणं फिरवलं. "आपल्या धावजीची पोर म्हणजे सोनं हाय, सोनं."

सोनं मात्र गावात दिसेनासं झालं होतं. बैठका, परिषदा, परदेश. पाडव्याला आणि दिवाळीला ती यायची, सकाळी यायची, जेवायची, संध्याकाळी शिवेवरून गाडी पकडायची. घरच्या ओट्यावर तिने एकही रात्र काढली नव्हती.

धावजीला विसर पडायला लागला तो ह्याच काळात. आधी विळा कुठे ठेवला ते विसरला, मग दिवस विसरला, मग शेजाऱ्यांची नावं. त्याने चष्मा कधीच घातला नव्हता. "मला काळोख पाठ हाय," म्हणायचा. संध्याकाळी ओट्याच्या कोपऱ्यात, वाशाखाली, एक गुडघा वर घेऊन बसायचा तो पहाटेपर्यंत तसाच. आत झोपायला नेलं तर त्याचा जीव घुसमटे, आणि दार लावलं तर ते उघडण्यासाठी आरडाओरडा करी. मग कमळजाची आई हौसाबाई रात्रीतून तीनदा उठायची, पडदा सारायची आणि तो आहे ना ते बघायची.

"हाक मारली की दचकतो," तिने फोनवर सांगितलं. "मंग उठतो आन् चालाय लागतो. त्या दिशी वढ्यापत्तर गेला. नशीब, मी मागनं धावले."

"मग हाक मारूच नकोस, आई," कमळजा म्हणाली. त्या वेळी ती कुठल्याशा विमानतळावर होती. "चष्मा घाल आणि नुसतं बघ. बसलेला दिसला की जाऊन झोप. तुझीही झोप व्हायला हवी ना?"

"व्हय, ते बरं," हौसाबाई म्हणाली. शिकलेल्या लेकीचा शब्द तिला देवाच्या कौलासारखा होता.

फाल्गुनातल्या अमावास्येला धावजी गेला. ओढ्याच्या खालच्या अंगाला, दहा हात खोल दगडात पडलेला सकाळी सापडला. घोडेगावहून आलेल्या डॉक्टरने सांगितलं, रात्री दहा-अकराच्या सुमाराला जीव गेला असणार. पडल्यावरही तासभर धुगधुगी असेल, तेव्हा उचलला असता तर वाचलाही असता. हे शेवटचं वाक्य डॉक्टरने उगाच उच्चारलं.

"दहाला कसा जाईल?" हौसाबाई म्हणाली. "अकराला मी पायलं, बसला व्हता. दोनला पायलं, बसला व्हता. दोन वाजून धा मिंटं. घड्याळ बघून सांगते."

 बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि दुपारपर्यंत वाडीभर झालं. म्हातारीचा डोळा लागला आणि आता आपलं पाप झाकते.

कमळजा त्याच दुपारी आली. रडली, पोटभर रडली, त्यात काही खोट नव्हती. पण आईच्या तोंडून 'दोन वाजून दहा' ऐकलं तेव्हाच तिला चष्मा आठवला होता. सावडण्याच्या दिवशी सगळे नदीवर गेले असताना तिने आईचा चष्मा लॅपटॉपला जोडला. चष्म्यात दोन्ही गोष्टी राहतात, डोळ्याने घेतलेलं कच्चं चित्र आणि आठवण मिसळून दाखवलेलं पक्कं चित्र. तिने दोन वाजून दहाचं कच्चं चित्र काढलं. चुरचुर, तिच्यात ओट्याची कड, वाळत घातलेल्या बाळहिरड्याचा ढीग, आणि कोपरा रिकामा. मग पक्कं काढलं. कोपऱ्यात धावजी बसलेला. गुडघा वर, हात गुडघ्यावर, पागोट्याचा शेव खांद्यावर. इतका स्पष्ट की तिच्या तोंडून 'बा' असं निघून गेलं.

अकराचंही तसंच. आईने दोन्ही वेळा अगदी नीट पाहिलं होतं, आणि तिला दोन्ही वेळा नव्वद रात्रींचा नवरा दिसला होता.

तिने फणसळकरांना फोन लावून दोन्ही चित्रांचं सांगितलं. ते मऊ आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं, कमळजा. पण तुम्ही आत्ता दुःखात आहात. कुठेही काही बोलू नका. तीन हजार चष्मे आहेत. हे बाहेर आलं तर उद्या सातही वाड्यांत दिवे लागतील, आणि तुमची दहा वर्षं, ते भुंगे, सगळं महिन्यात संपेल. तुमच्या वडिलांना तरी ते आवडलं असतं का?"

मेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी सांगायला लोक किती तत्पर असतात! कमळजाने फोन ठेवला, लॅपटॉप मिटला आणि चष्मा आईच्या खुंटीवर परत अडकवला. त्याच संध्याकाळी ती पुण्याला गेली. दहाव्याला आली ती दिवसाच, आणि दिवसाच परत गेली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चावडीवर चौकशी झाली. तालुक्याहून एक साहेब आले होते, भला माणूस, त्यालाही लवकर मोकळं व्हायचं होतं. चिंधू कागद घेऊन बसला होता. हौसाबाई समोर मांडी घालून बसली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. तिने पुन्हा तेच सांगितलं. अकरा, आणि दोन वाजून दहा.

चिंधू कडवट माणूस खरा, पण वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "वैनी, डोळा लागला आसंल. माणूसच हाय, किती राती जागंल? कुनी तुला फाशी देत नाय. सांगून टाक."

"मी पायलं."

साहेबांनी कमळजाकडे मान वळवली. "मॅडम, तुम्हीच बनवलाय म्हणून विचारतो. हा चष्मा समोर नसलेली गोष्ट दाखवू शकतो का?"

आता इथे कमळजाने काय काय आठवलं ते सांगता येईल. तीन हजार चष्मे, हिरड्याच्या लवलेल्या फांद्या, फणसळकर, वाशातली भुंगी. सगळी कारणं खरी होती. पण त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. खरं कारण तिच्यासमोर चार हातांवर बसून तिच्याकडे बघत होतं. 'हो' म्हटलं की आईला कळणार होतं, की हाक मारू नकोस, नुसतं बघ, असं सांगणारी आणि बघायला खोटं देणारी एकच आहे.

"चष्मा उजेड गोळा करतो, साहेब," ती म्हणाली. "उजेड नसेल तिथून तो काही आणत नाही."

वाक्यात खोटा असा एक शब्द नव्हता. म्हणूनच ते जास्त नीच होतं, आणि हे तिला बोलतानाच कळलं.

हौसाबाईने लेकीकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर नीट केला. "मंग माझाच डोळा लागला आसंल," ती म्हणाली. "लिव, चिंधू. हौसाबाय झोपली व्हती म्हणून लिव." आणि तिने कागदावर सही केली. कमळजानेच शिकवली होती ती सही, शाळेत असताना, ह्याच चावडीच्या पायरीवर बसून.

चैत्रातली अमावास्या आली. सोमवारी वरून एक पथक येणार होतं, कुठल्याही घरातला कुठलाही चष्मा उचलून तपासणार होतं. फणसळकर म्हणाले, "उंबरदऱ्यातला तो एक चष्मा कोरा झाला पाहिजे. दुसऱ्या कुणाला पाठवू का? तुम्हाला जड जाईल."

"मी जाते," कमळजा म्हणाली. आईशी बोलायचंही आहे, असं ती स्वतःला वाटेत सांगत राहिली. कदाचित ते खरंही होतं.

जीप शिवेवर थांबली. तिने आपला चष्मा चढवला आणि चार पावलांत ठेच खाल्ली. तिच्या चष्म्याला पुण्यातल्या प्रयोगशाळेचा जिना पाठ होता. ह्या वाटेची एकही रात्र त्याच्याकडे नव्हती. नुसती चुरचुर. दहा मिनिटांची वाट ती अर्धा तास चाचपडत चालली, तेव्हा कुठे घराची कड दिसली.

हौसाबाई उंबऱ्यावर चष्मा घालून बसली होती. तोंड थेट कमळजाच्या दिशेला. कमळजा अंगणात उभी राहिली. आई काही बोलेना. आवाज द्यायची रीत तिला आठवलीच नाही, ती रीत तिच्या अंगवळणी पडायला ती इथे होती कुठे?

"आई," ती शेवटी म्हणाली.

"कोन? कमळा? कुठं हायस?"

"तुझ्यासमोर."

"समोर तर नुसतं आंगण दिसतंय." हौसाबाईने मान डावी-उजवी केली. "हलून दाखव."

कमळजाने हात वर केला.

"हां, धुरासारखं काय तरी हाललं. थांबलीस की गेलीस." आवाजात राग नव्हता. "तुझा बा मातर दिसतोय बघ. गुडघा वर घेऊन बसलाय."

 ती चाचपडत ओट्याशी आली आणि कोपऱ्याकडे हात टेकून बसायला गेली.

"तिथं नको. तिथं तो हाय. खाली पायरीवर बस."

ती पायरीवर बसली. "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"काय सांगतीस? दुसऱ्याच राती समजलं मला. बाहेर आले, बघते तर बसलेला. हातानं जाळून आलेला माणूस! भ्याले नाय मी. जवळ गेले, हात लावला. गार शेणाची जमीन. मंग चांदणं वाढलं तसा गेला, आन् आता काळोख झाला तसा परत आला. जरा फिक्का झालाय." तिने कोपऱ्याकडे मान वळवली. "मंग मनात आलं, त्या राती दोन वाजता बी असाच व्हता की. मी झोपले नव्हते, कमळे."

"नव्हतीस झोपली." कमळजा रडायला लागली. "मला माहीत होतं, आई. तिसऱ्या दिवशीच माहीत होतं."

"मलाबी वाटलंच. म्हणून तर चावडीवर तुज्याकडं बघत बसले. म्हटलं, शिकलेली हाय, माझ्यापरीस जास्त जाणते, बोलंल. आता बोलंल." हौसाबाईने नाक ओढलं. "नाय बोललीस. मंग म्हटलं, एक गेला त्यो गेला, आता पोरीचं कशाला मोडायचं. माझ्या नावानं काय, लोक दोन दिस बोलत्याल."

लोक दोन दिवस बोलले नव्हते. महिना झाला तरी बोलत होते. पाणवठ्यावर हौसाबाई आली की बायका घागरी उचलून निघत, हे कमळजाला गावात शिरतानाच शिवेवरच्या दुकानदाराने सांगितलं होतं.

"पुसाय आलीस?" आईने विचारलं.

कमळजाच्या मुठीत चष्मा कोरा करायचं काडीपेटीएवढं यंत्र होतं. अंधारात आईला ते दिसणं शक्य नव्हतं. "हो," ती म्हणाली. "सोमवारी माणसं येणार आहेत."

"न पुसता किती दिस राहील ह्यो?"

"अजून पन्नास रात्री. रोज थोडा थोडा कमी होत."

"आन् तू दिसाय किती राती लागत्याल?"

 हा आकडा तिनेच घातला होता. "नऊ."

"नऊ राती ऱ्हाशील हितं? हितं पायरीवर? काय बोलू नको, नुसती बस. दिसलीस म्हणजे झालं. मंग पूस काय पुसायचं ते."

त्या क्षणी जर तिने 'राहते' म्हटलं असतं! पण ती म्हणाली, "सोमवारी..." आणि आपलाच आवाज ऐकून थांबली.

 हौसाबाईने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि काळोखात पुढे धरला. "घे. गाडी शिवेवर खोळंबली आसंल."

कमळजाने तो घेतला. आधी स्वतःच्या डोळ्यांना लावला. कोपऱ्यात बाप बसला होता, गुडघा वर, तोंड वाशाच्या भोकाकडे. फिका, पण बाप. तिने चष्मा काढला, यंत्र त्याच्या काडीला लावलं आणि कळ दाबली. कोरं व्हायला चार मिनिटं लागतात. चार मिनिटं दोघी शेजारी बसल्या. वरच्या वाशातून घुर्रर्र आवाज आला. भुंगी बाहेर पडली, तिने घराकडे तोंड करून दोन-तीन झोके घेतले, आणि मग रानाकडे गेली.

यंत्र टिकटिकलं. कमळजाने चष्मा आईच्या हातात ठेवला आणि उठली. पायरी उतरून अंगणात आली. हौसाबाईने चष्मा चढवला. कोपऱ्याकडे पाहिलं. अंगणाकडे पाहिलं. पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं.

"आता कुनीच दिसत नाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कमळे, हायस का गेलीस?"

कमळजा दहा पावलांवर उभी होती. गावची रीत होती, आवाज द्यायची. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मग ती पाठ करून शिवेकडे चालायला लागली.